मलिदा पुरे, आता १९६४ शिकवा

प्रति,
शिक्षण मंत्रालय, जेरुसलेम
आणि
ज्यू एजन्सीचे पदाधिकारी

सप्रेम शालोम.

या पत्राची हिब्रू प्रत आपल्याला टपालानं पाठवली आहे. मराठी प्रत चारचौघांसमोर ठेवते आहे, कारण यातल्या एका मागणीसाठी रायगड जिल्ह्यातल्या माणसांची मदत लागणार आहे. त्यांना न विचारता त्यांच्या दारात पाहुणे पाठवणं बरं दिसत नाही.

मी लोदला राहते. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला, आता निवृत्त आहे. घराणं मूळचं पेणचं, मग मुंबईचं, आणि साठच्या दशकात आईवडिलांनी आलिया केली, म्हणजे इस्रायलला येऊन वसले, तेव्हापासून इथलं. म्हणजे मी बेने इस्रायल, कोकणातल्या ज्यूंपैकी. इथल्या सरकारी कागदात ‘भारतीय’, आणि शेजारपाजारच्या तोंडी ‘होदू’वाली (होदू म्हणजे हिब्रूत भारत).

इस्रायलमधले निरनिराळे समाज एकमेकांना ओळखत नाहीत आणि परदेशातले ज्यू आपल्यापासून दुरावत चालले आहेत, ही काळजी आपण वारंवार बोलून दाखवता. काळजी खरी आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रुव्हेन रिव्हलिन २०१५ मध्ये हर्झलियाच्या परिषदेत चार टोळ्यांबद्दल बोलले होते: सेक्युलर, धार्मिक राष्ट्रवादी, हरेदी (कडवे धर्मनिष्ठ) आणि अरब. चौघांची गावं वेगळी, मुलांच्या शाळा वेगळ्या; भेट झालीच तर सैन्यात, आणि त्यातले बरेच तिथंही नाहीत. मला ते भाषण पटलं होतं. न पटण्यासारखं काही असेल तर त्यावर शोधलेला उपाय. हा उपाय बहुतेक वेळा ताटातून येतो.

नातीच्या शाळेतल्या वारसा दिनाचं सांगते. निरोप आला: काहीतरी भारतीय खायला आणा, जमलं तर एखादा बॉलिवूडचा नाचही बसवा. आमच्या घरात हिंदी कुणाला धड येत नाही. आम्ही मराठी माणसं. मी मलिदा केला. जाड पोहे धुऊन निथळत ठेवले, नारळ खवला, साखर आणि वेलची घालून हलक्या हातानं कालवलं, वर बदाम-पिस्ते, आणि बाजूला पाच फळं. हा खाऊ नव्हे, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मांडायचं ताट आहे. नवस बोलताना, नवस फेडताना, लग्नाआधी, नवं घर घेतल्यावर ते मांडतात आणि आधी प्रार्थना म्हणतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात. अजूनही तिथं जातात. हे सगळं सांगायचं मी ठरवून गेले होते. शिक्षिकाबाई आल्या, ‘वा, तांदळाचा गोड पदार्थ!’ म्हणाल्या, फोटो काढला आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. तिथं येमेनी जाखनून होतं, त्यापुढं मोरोक्कन मुफलेटा.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक इथिओपियन आजी इंजेरा घेऊन बसली होती. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो, एकमेकींचं चाखलं आणि ताटं आवरली. आमच्या दोघींच्या समाजांना याच देशात, जेरुसलेममध्येच, जवळजवळ एकाच कारणासाठी धरणं धरावं लागलं होतं. आमच्या लोकांनी १९६४ मध्ये, तिच्या लोकांनी १९८५ मध्ये. त्या हॉलमध्ये शंभरेक मुलं होती. त्यांना यातलं अक्षर कुणी सांगितलं नाही, आणि मलाही ते विषयपत्रिकेबाहेरचं वाटून गप्प बसावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. एकमेकांचं खाऊन ओळख वाढत नाही. एकमेकांची भांडणं समजून घेतली तर वाढते. तीही शेजाऱ्याशी झालेली नव्हेत, घरातली, तुमच्या-आमच्यातली.

आधी आमचं काय शिकवलं जात नाही ते सांगते. मी शिकवलेल्या पुस्तकांत डायस्पोरा (जगभर विखुरलेलं ज्यूंचं जगणं) म्हणजे छळ, पोग्रोम (ज्यूंवरचे हिंसक हल्ले), पळापळ आणि शेवटी सुटका. युरोपातल्या ज्यूंसाठी ते शब्दशः खरं आहे, त्यावर शाळेचे कितीही तास खर्ची पडले तरी थोडेच. पण कोकणातलं आमचं आयुष्य या साच्यात बसत नाही. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमची परंपरागत कथा. ते नेमकं कधी, यावर इतिहासकार वाद घालोत. आमचे लोक तेलाचे घाणे चालवत, शब्बाथला घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणत. गावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, केहीमकर. सणांची नावंही तिथलीच. योम किप्पूरला आमच्या आज्या दारफळणीचा सण म्हणत, तिशा बआवला बिरड्याचा रोजा. सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आमची पहिली मशीद बांधली. हो, सिनेगॉगला आमच्याकडे मशीदच म्हणत; तिथं कुणाला त्याचं काही वाटत नसे. पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह हागादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापला गेला, त्यातल्या चित्रांत मात्झा (बिनखमिराची रोटी) करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आमच्यात कीर्तनं होत, आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं आणि चाली सगळ्या मराठी. १९३७ मध्ये तर आमचे डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले.

आणि या सगळ्या काळात आमच्या शेजाऱ्यांनी आम्ही ज्यू आहोत म्हणून आमच्यावर हात उगारल्याची नोंद नाही. लाखोंच्या वस्तीत मूठभर राहायचं, आपलं पाळायचं, दुसऱ्याचं पाहायचं आणि घाबरायचं नाही, हा अनुभव ज्यू इतिहासात किती जणांकडे आहे? इस्रायलमध्ये ज्यू बहुसंख्य आहेत. अल्पसंख्य म्हणून सुखानं राहणं म्हणजे काय, आणि बहुसंख्यांनी त्यासाठी काय करावं लागतं, हे या देशात ज्यांना विचारायला हवं त्यांत आम्ही नक्की आहोत. आजवर आम्हाला विचारलं काय, तर पोहे कुठले घेतले.

आता कडू भाग. आमचा पहिला अपमान केला तो ज्यूंनीच. बगदादी ज्यू मुंबईत आले तेव्हा सुरुवातीला आमच्या मशिदीत प्रार्थना करत, आमच्याच कबरस्तानात पुरत. पुढं त्यांची भरभराट झाली आणि त्यांनी सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात मधे भिंत घाला. आम्ही पुरेसे ज्यू नाही, असा त्यांचा संशय. (त्यांनीच पुढं बांधलेली पुण्याची लाल देवळाची सुंदर इमारत मी प्रत्येक पाहुण्याला दाखवते, तो भाग वेगळा.) पण नुसतं बगदाद्यांकडे बोट दाखवून आमची सुटका नाही. आमच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. शुद्ध घराण्यातले आणि मिश्र लग्नातून झालेले. एकत्र प्रार्थना करायची, पण मुलगी द्यायची नाही, करायची नाही. भिंत घालायला बगदाद्यांची वाट कुठं पाहिली आम्ही? हेही शिकवा. आमच्या लोकांना लागेल, पण शिकवा.

१९४८ नंतर आमचे लोक इकडे येऊ लागले. कुणी हाकललं म्हणून नव्हे, श्रद्धेनं आले. बेर्शेबात राहिलेल्या काहींना नोकरी, घर आणि वागणूक या तिन्हींत रंगाचा भेद दिसला. पावातसुद्धा गोऱ्यांना पांढरा आणि आपल्याला काळा, अशी त्यांची तक्रार होती. १९५१ च्या अखेरीस ते तेल अवीवमध्ये, ज्यूंना इथं आणून वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या दारात बसले आणि मागणी काय, तर आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून जास्त माणसं विमानानं मुंबईला परत गेलीसुद्धा. त्यातले बहुतेक पुढं पुन्हा इस्रायलला आले. देशावर रुसून गेलेली आणि देशाशिवाय न करमून परत आलेली माणसं! एखाद्या नववीच्या वर्गाला हे सांगून पाहा, तासाची घंटा झाली तरी पोरं उठणार नाहीत. मी एकदा पुस्तक मिटून सांगितलं होतं, म्हणून खात्रीनं लिहिते.

मग १९६१-६२. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या कार्यकाळात रब्बी मंडळानं (इथं ज्यूंची लग्नं याच धर्मगुरूंच्या हाती) निर्णय दिला की बेने इस्रायलांशी लग्न करायला हरकत नाही. ऐकायला चांगलं. त्यापाठोपाठ लग्न लावणाऱ्या रब्बींसाठी सूचना निघाल्या: मुलगा किंवा मुलगी बेने इस्रायल असेल तर आईची आई, तिची आई, जितकं मागं जाता येईल तितकं मागं जाऊन कूळ तपासा, कुणी बाहेरचं आलं होतं का, कुणाचा घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणं न होता दुसरं लग्न झालं होतं का. डोळ्यांसमोर आणा. लग्नाची तारीख ठरली आहे, हॉलला पैसे भरले आहेत, मुलीकडचे पोलंडचे, मुलगा बेर्शेबाच्या गिरणीतला. टेबलापलीकडचा माणूस विचारतो, तुझ्या पणजीचा घटस्फोट कसा झाला होता? कोकणातल्या खेड्यातली पणजी! तिची जन्मनोंदसुद्धा कुठं नाही. पोलंडच्या मुलीला तिच्या पणजीबद्दल कुणी विचारलं नाही.

भांडण दोन वर्षं धुमसलं. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या आवारात बायकामुलांसह ठिय्या दिला. शेवटी १७ ऑगस्टला क्नेसेटची, म्हणजे इथल्या संसदेची खास बैठक झाली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं भूमिका घेतली आणि क्नेसेटनं ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत, त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत. ऑगस्ट संपायच्या आत रब्बी मंडळानं सूचनांमधून आमचं नाव काढलं. नियम मात्र राहिला: ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल त्याची चौकशी करावी. कुणाचं नाव न घेता लिहिलेला नियम कुणाला लागू होणार, ते टेबलापलीकडच्या माणसाच्या मर्जीवर.

म्हणून ही गोष्ट १९६४ मध्ये संपली नाही. इथिओपियातून ऑपरेशन मोझेस या हवाई मोहिमेत आलेल्यांना प्रतीकात्मक धर्मांतर करा असं सांगितलं गेलं; १९८५ मध्ये ते जेरुसलेमला रब्बी मंडळासमोर महिनाभर बसले. मणिपूर-मिझोरमच्या बनेई मनाशे समाजाला २००५ मध्ये मुख्य रब्बींनी इस्रायलचे वंशज म्हणून मान्य केलं, पण धर्मांतराची अट ठेवून. नव्वदच्या दशकात सोव्हिएत देशांतून आलेल्या लाखो लोकांत असे कितीतरी आहेत ज्यांना देशानं नागरिक मानलं आणि रब्बींनी लग्नाला नाही म्हटलं. आता अमेरिकेतल्या ज्यूंकडे पाहा, त्यांतले बरेच रिफॉर्म किंवा कन्झर्व्हेटिव्ह या उदार पंथांचे. जेरुसलेमच्या पवित्र पश्चिम भिंतीजवळ त्यांच्या पद्धतीच्या प्रार्थनेसाठी जागा देण्याचा ठराव सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये केला आणि जून २०१७ मध्ये गोठवला. रब्बी मंडळाच्या लेखी त्यांचे रब्बी रब्बी नव्हेत, त्यांनी केलेली धर्मांतरं धर्मांतरं नव्हेत. ते चिडले. आपण त्याला ‘इस्रायल आणि डायस्पोरा यांच्यातली दरी’ म्हणता आणि त्यावर परिषदा भरवता. दरी कसली? न्यूयॉर्कच्या मुलीला जो प्रश्न आज ऐकावा लागतो, तो माझ्या काकाला १९६२ मध्ये ऐकावा लागला होता. ती आणि मी एका बाकावर बसलो तर आमचं अर्ध्या तासात जमेल. पण तिला इथं आणता तेव्हा मसादाचा किल्ला दाखवता, मृत समुद्रात तरंगवता आणि परत पाठवता. लोद तिच्या वाटेवर, विमानतळाला लागून आहे. बस थांबत नाही.

अभ्यासक्रम बदलता येत नाही असं कृपा करून सांगू नका. कवी एरेझ बिटोन यांच्या समितीनं २०१६ मध्ये पौर्वात्य आणि सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या) ज्यूंचा वारसा शाळांत आणण्यासाठी जाडजूड अहवाल दिला, तो आपल्याच मंत्रालयानं मागवला होता. रस्ता तयार आहे. मला त्यात हवी आहे ती वारशाची नव्हे, वादाची चार प्रकरणं: १९५१-५२ चं बेर्शेबा, १९५९ चं हैफातलं वादी सालिब (मोरोक्कोकडच्या ज्यूंचं भेदभावाविरुद्धचं आंदोलन), १९६४ आणि १९८५. आणि एक अट. ही प्रकरणं त्या-त्या समाजाच्या मुलांनी करायची नाहीत. माझ्या नातीनं १९८५ करावं, इंजेरावाल्या आजीकडे जाऊन बसावं, तिला विचारावं. तिच्या नातवानं माझ्याकडे यावं. अश्केनाझी, म्हणजे मूळ युरोपातल्या घरांतल्या मुलांनी वादी सालिब करावं. आपलं दुःख सगळ्यांना पाठ असतं, त्याचा गृहपाठ लागत नाही.

अरब शेजाऱ्यांबद्दल लिहिल्याशिवाय लोदच्या बाईचं पत्र पुरं होणार नाही. आमच्या गावात जवळजवळ तिसरा माणूस अरब आहे. मे २०२१ मध्ये इथं सिनेगॉग जळाले, गाड्या जळाल्या, ज्यू मेले, अरब मेले, आणीबाणी लागली. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ आलं, आणि त्यापुढचं सगळं. त्यावर एका परिच्छेदात बोलायची माझी छाती नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या देणारा फार्मासिस्ट अरब आहे. तो माझ्याशी उत्तम हिब्रूत बोलतो. मी त्याच्याशी अरबीत ‘कसं काय’च्या पुढं जाऊ शकत नाही. माझी आजी पेणच्या बाजारात सगळ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलायची, कारण ती तिचीही भाषा होती. लोदच्या ज्यू मुलांना अरबी शिकवा, पहिलीपासून, शेजारच्या बाईकडून. गुप्तचर खात्यात भरतीसाठी शिकवता ती नको.

आता ती मागणी, जिच्यासाठी हे पत्र मराठीत आहे. परदेशातल्या ज्यू तरुणांना आपण इथं आणता, १९९९ पासून लाखो आले. एक लहान योजना उलट्या दिशेनं सुरू करा. सैन्यातून सुटल्यावर आपली मुलं तशीही भारतात जातात. मुंबईहून गोव्याच्या गाडीत बसतात, पेण आणि रोहा खिडकीतून मागं जातं आणि एकही उतरत नाही, पेणकर-रोहेकरांची पोरंसुद्धा नाहीत! त्यांतली वीस निवडा. सगळ्या टोळ्यांतली: एक इथिओपियन, एक रशियन, एक हरेदी, आणि हो, अरबही. महिनाभर ठाणे, पेण, अलिबाग, रेवदंडा. अलिबागला इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग आहे. ठाण्याच्या शार हाशामायीममध्ये शब्बाथला अजून माणसं जमतात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली आहे. चार-पाच हजारांच्या आतबाहेरचा समाज सरकारदरबारी कसा वागवला जातो, ते मुलांनी तिथल्या लोकांना विचारावं. फक्त एक करा, तिथल्या लोकांना म्युझियमच्या कपाटातल्या वस्तू समजू नका. परदेशी पाहुणे येतात, प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या हज्जानाला विचारतात, ‘तुम्ही अजून इथं काय करता?’ तो राहतो तिथं, बाबांनो. त्याची मुलं कदाचित अश्दोदला असतील, त्याला मात्र ठाणं आवडतं.

पेण-अलिबागच्या मंडळींनो, आता तुमच्याशी दोन शब्द. आमच्या जुन्या कबरस्तानांभोवती तुमच्या वाड्या आहेत, आमच्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या काही ठिकाणी अजून तुमच्याकडे आहेत. ही पोरं आली तर त्यांना फार काही दाखवायचं नाही. शनिवार तेल्यांबद्दल तुमच्या आजोबांनी काय सांगितलं तेवढं सांगा. भांडणं झाली असतील तर तीही सांगा, गोडगोड नको. पोरं थोडी आडदांड असतात, आवाज मोठा, पण मनानं वाईट नसतात. जेवायला मटण-दूध एकत्र नको, बाकी भाकरी, आमटी, वालाचं बिरडं काहीही चालेल.

मंत्रालयाला शेवटचं व्यवहाराचं. शाळा १ सप्टेंबरला उघडतात. चारही प्रकरणं एका वर्षात सगळीकडे जाणार नाहीत हे मला कळतं, नोकरी केली आहे. लोद, दिमोना आणि बेर्शेबा इथल्या एकेका शाळेत १९६४ आणि १९८५ एवढी दोनच प्रकरणं नववीला लावून पाहा. १९६४ च्या ठिय्यात बसलेली मोठी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांची मुलाखत घ्यायची तर या सप्टेंबरातच घ्यायला हवी. नावं, पत्ते आणि कुणाला कुठल्या वेळी कमी ऐकू येतं याची यादी हिब्रू प्रतीला जोडली आहे. कोकणाच्या तुकडीसाठी डिसेंबर-जानेवारी बघा, जूनमध्ये पाठवलीत तर मुलं महिनाभर पावसात घरात बसतील.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
लोद